पांढरीची माणसं

बाबिच्का पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मी होलाशोव्हित्सेत वाढले, पण आम्ही तिथले नव्हे." बाबिच्का म्हणजे चेक भाषेत आजी. चेस्के बुड्येयोव्हित्से शहरात नोकरीनिमित्त तीन वर्षं मी तिच्या घरी भाड्याने राहिले. माझी चेक तेव्हा कच्ची होती. ऐकण्यात काही चुकलं असेल, असं वाटून मी ते वाक्य सोडून दिलं.

पुढे एका मे महिन्यात ती मला त्या गावाला, होलाशोव्हित्सेला घेऊन गेली. शहराच्या पश्चिमेला जेमतेम १५ किलोमीटर. सपाट, ओलसर मुलूख, जागोजागी तळी, दक्षिणेला ब्लान्स्की लेसचे रानाने झाकलेले डोंगर आणि त्यांच्यावर डोकं काढून १०८४ मीटर उंचीचं क्लेत् शिखर. आपण गावाची पांढरी आणि काळी म्हणतो ना, वस्तीची पांढरी आणि पिकाची काळी, ती वाटणी इथे डोळ्यांना दिसते. मधोमध २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद मोकळं हिरवं मैदान. त्याला नावेस म्हणतात. त्यात मासे पाळायचं तळं, लोहारशाळा, आणि संत यान नेपोमुत्स्कीचं १७५५ सालचं इवलंसं प्रार्थनामंदिर. चहूबाजूंनी घरं अशी उभी, की सगळ्यांची तोंडं मैदानाकडे. मागे परसू, त्यामागे काळी.

नावेसवर उभं राहून बाबिच्काने मला गाव सांगितलं. १२६३ साली त्याचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं. १२९२ मध्ये राजा दुसरा व्हात्स्लाव्ह याने ते विश्शी ब्रोदच्या मठाला देऊन टाकलं आणि १८४८ पर्यंत ते मठाचंच राहिलं. मधे १५२० ते १५२५ या काळात प्लेग आला. गावात दोन माणसं उरली. दोन! मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुळं आणून वसवली, तरी १५३० पर्यंत वस्ती सतराच्या वर गेली नव्हती. त्या काळच्या नोंदवहीतली बहुतेक नावं जर्मन आहेत. भोवतालची गावं चेक बोलत राहिली आणि या गावाची भाषा जर्मन झाली. १८९५ च्या मोजणीत इथे १५७ जर्मन आणि १९ चेक होते.

"हे तुला घरी कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"घरी कोण सांगणार? शाळेत कळलं," ती म्हणाली. मग तिच्या त्या पहिल्या वाक्याचा अर्थ मला लागला. १९४५-४६ मध्ये, महायुद्ध संपल्यावर, उरलेल्या जर्मन कुटुंबांना देशाबाहेर काढण्यात आलं. हातात न्यायला माणशी तीस ते पन्नास किलो सामान. शेतवाडे ओस पडले. बाबिच्काचे आईवडील दुसऱ्या जिल्ह्यातून अशाच एका रिकाम्या वाड्यात राहायला आले. ती तेव्हा सहा वर्षांची होती. चुलीशेजारी सरपण रचून ठेवलेलं होतं, परसात सफरचंदाच्या झाडांना बहर आलेला होता. तिच्या आईने कित्येक वर्षं ट्रंक कपाटावरच ठेवली, आत टाकली नाही. ते लोक परत आले तर?

मला वाटतं, गावाच्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी म्हणजे रक्ताने चालत आलेलं देणं, असं आपण फार सहज धरून चालतो. इथे ती साखळी दोनदा तुटली. गोष्टी राहिल्या त्या भिंतींपाशी.

आणि भिंती बोलक्या आहेत. १८४८ नंतर जमीन कुळांच्या मालकीची झाली, हाती पैसा खेळू लागला, आणि पुढच्या काही दशकांत शेतकऱ्यांनी जुनी घरं नव्या थाटाने बांधली. या शैलीला सेल्स्के बारोको म्हणतात, म्हणजे शेतकऱ्यांचं बारोक. राजवाड्यांची आणि चर्चची नक्षी गवंड्यांनी शेतकऱ्याच्या घरावर आणली. दर्शनी भिंतीचा माथा घंटेसारखा वळणदार, त्यावर चुन्याच्या गिलाव्यातली वेलबुट्टी, कुठे पिवळा रंग, कुठे फिकट गुलाबी. एकीकडे राहतं घर, दुसरीकडे धान्याचं कोठार, मधे कमानीचा दरवाजा आणि त्याला लागून माणसांपुरती दिंडी. बाबिच्काच्या वाड्याच्या माथ्यावर गिलाव्यातच बांधकामाचं साल कोरलेलं आहे. लहानपणी खाटेवर उभी राहून खिडकीतून ती समोरच्या घरांवरची सालं वाचायची. आकडे ती तशीच शिकली.

साम्यवादी राजवटीत गाव उजाड होत गेलं. गिलावे फुगले, कौलं सरकली, तरुण मंडळी शहरात गेली. बाबिच्काही लग्न होऊन गेली. पण पैसा आलाच नाही म्हणून पाडापाडही झाली नाही, आणि मध्ययुगात आखलेली ती पांढरी जशीच्या तशी राहिली. मला याचा आनंद मानवत नाही. ज्या दारिद्र्याने घरं राखली, त्यानेच माणसं घालवली. १९९० नंतर डागडुजी सुरू झाली, कुटुंबं परतली, आणि १९९८ मध्ये युनेस्कोने २३ शेतवाड्यांचं हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

त्या दिवशी बाबिच्का आपल्या जुन्या वाड्यासमोर थांबली. आता तिथे दुसरंच कुटुंब राहतं. दिंडी अर्धी उघडी होती, अंगणात दोरीवर पोरांचे मोजे वाळत होते. ती आत गेली नाही. दाराच्या चौकटीवर तळहात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "यांनी कोठाराला नवीन कौलं घातली. बरं केलं."

गावात सुमारे १४० माणसं राहतात. कधी तिकडे गेलात तर नावेसवर हवं तेवढं फिरा, पण दिंडी लोटायच्या आधी हाक मारा. ती राहती घरं आहेत.