नाव असलेले प्यादे

धागा. विषय : पटावरचे डावपेच आणि कादंबरीएवढी कथा एकाच खेळात कशी नांदू लागली, आणि त्यातून खेळणाऱ्याला नेमके काय मिळाले. (पुढे तीन जुन्या खेळांची रहस्ये उघड होतील. ज्यांना ते स्वतः खेळायचे आहेत त्यांनी येथेच थांबावे.)

बुद्धिबळात प्यादे मारले गेले म्हणून कोणी सुतक पाळत नाही. हत्ती वाचवण्यासाठी, उंटाला वाट मोकळी करण्यासाठी, कधी तर केवळ एक चाल पदरात पाडून घेण्यासाठी आपण ते निर्विकार मनाने देऊन टाकतो. आठही प्यादी सारखीच. त्यांना नाव नाही, गाव नाही. २० एप्रिल १९९० रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतील पहिला खेळ विक्रीस आला. त्यातील प्याद्यांना नावे होती, चेहरे होते, आणि एका लढाईत मेलेला पुढच्या लढाईत परत येत नव्हता. कथाप्रधान टॅक्टिकल रोल-प्लेइंग खेळांची गोडी, माझ्या मते, या एका बदलात साठलेली आहे. तो कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पट म्हणजे युद्धाची प्रतिकृती, ही कल्पना आपल्या भूमीतली. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे म्हणून चतुरंग. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त, म्हणजे सातव्या शतकात, त्याचा श्लेषाने केलेला उल्लेख आढळतो. पुढे हा पट इराण आणि अरब जगतातून युरोपात पोहोचला. १७८० मध्ये ब्रन्सविक येथील योहान हेलविग या गणिताच्या अध्यापकाने ६४ घरांचा पट वाढवून दीड हजारांहून अधिक घरांचा केला आणि त्या घरांना डोंगर, दलदल, नदी अशी भूरूपे दिली. १८२४ मध्ये प्रशियाच्या तोफखान्यातील तरुण अधिकारी राइसवित्झ याने वडिलांची मूळ कल्पना सुधारून ‘क्रीग्सश्पील’ची नियमावली प्रसिद्ध केली. त्यात घरांऐवजी लष्करी नकाशा होता, नशिबासाठी फासे होते आणि निवाड्यासाठी पंच होता. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. मात्र येथेही एक ठोकळा म्हणजे एक तुकडी. तुकडीतला माणूस अद्याप कोणाला दिसत नव्हता.

तो दिसू लागला अमेरिकेत. १९६९ मध्ये मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला आणि काही खेळाडूंना सैन्याऐवजी गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. एक बाहुली म्हणजे एक माणूस, आणि त्या माणसाला स्वतःचा भूतकाळ, हा नियम तेथे पक्का झाला.

जपानमध्ये हे दोन प्रवाह प्रारंभी वेगळेच वाहत होते. १९८६ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ म्हणजे एका वीराची कथा, तर १९८८ चा ‘फॅमिकॉम वॉर्स’ म्हणजे कारखान्यातून निघणारे बिनचेहऱ्याचे रणगाडे. हा दुसरा खेळ रचणाऱ्या इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेतच शोझो कागा यांनी दोन्हींची गाठ मारली. पट राहिला, पाळीपाळीने चालणे राहिले. पण रणगाड्याच्या जागी नाव असलेला शिपाई उभा राहिला.

या गाठीत कारागिरी किती होती हे एका पात्रावरून सांगतो. पहिल्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये राजपुत्र मार्थ याच्यासोबत जेगन नावाचा वृद्ध घोडेस्वार असतो. आरंभीच्या लढायांत तो सर्वांत बलवान. नवखा खेळाडू साहजिकच त्यालाच पुढे धाडतो आणि शत्रू पटापट पडतात. परंतु शत्रूला मारण्याने मिळणारे अनुभवाचे गुण म्हाताऱ्या जेगनच्या अंगी लागत नाहीत; त्याची ताकद जवळजवळ वाढतच नाही. तरुण शिपाई मात्र त्याच्या आड राहून कच्चे राहतात आणि दहा लढायांनंतर सारे सैन्य उघडे पडते. म्हाताऱ्याने केव्हा बाजूला व्हावे हा घराण्यांच्या इतिहासातला सनातन प्रश्न. येथे तो संवादातून येत नाही, आकड्यांतून उमगतो. तसाच नवार हा भाडोत्री तलवारबहाद्दर. तो लुटारूंच्या बाजूने लढत असतो. त्याला मारता येते; पण शीडा या राजकन्येला जिवावर उदार होऊन त्याच्याजवळ नेले आणि बोलायला लावले, तर तो आपल्याकडे येतो. बोलणे हीसुद्धा पटावरची एक चाल ठरते, आणि चुकली तर राजकन्या जाते.

येथे एक आक्षेप ठाऊक असावा. मरण कायमचे असले, तरी यंत्रावर रिसेटचे बटण असतेच. असंख्य खेळाडू प्रिय शिपाई पडताच लढाई पहिल्यापासून मांडत आले आहेत. नियमाचा धाक म्हणून ते मोडून टाकतात असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बुद्धिबळात एका प्याद्यासाठी कोणी अर्ध्या तासाचा डाव मोडत नाही. येथे मोडतात, यातच नावाची किंमत कळते.

यानंतरची उडी ६ ऑक्टोबर १९९५ ची. क्वेस्ट या छोट्या संस्थेने सुपर फॅमिकॉमसाठी ‘टॅक्टिक्स ऑगर’ प्रसिद्ध केला. दिग्दर्शक व कथाकार यासुमी मात्सुनो. उपशीर्षक ‘लेट अस क्लिंग टुगेदर’ हे क्वीन या इंग्रजी वाद्यवृंदाच्या १९७६ सालच्या एका गीतावरून घेतलेले. तिरप्या कोनातून दिसणारा उंचसखल पट, कड्यावर उभ्या तिरंदाजाला मिळणारा लाभ, जड चिलखत घातले की पाळी उशिरा येणे, हे सारे त्यात आहे आणि उत्तम आहे. परंतु तीस वर्षांनंतरही लोक या खेळाविषयी बोलतात ते एका गावामुळे.

तो काळ युगोस्लाव्हियाच्या विघटनाचा. बोस्नियातील युद्ध १९९२ ते १९९५ चालले. शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठल्याच्या बातम्या रोज येत होत्या. त्या संघर्षाचा आपल्या कथेवर प्रभाव होता असे मात्सुनो यांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितले आहे. त्यांच्या कल्पित व्हॅलेरिया द्वीपसमूहात तीन जमाती सत्तेसाठी झुंजतात. खेळाडूचे पात्र डेनम हा त्यांतील सर्वांत दुबळ्या वॉलिस्टर जमातीचा म्हणून वाढलेला युवक. आपल्या सरदाराला तुरुंगातून सोडवून तो एका रात्रीत वीर ठरतो. मग त्याला बाल्मामुसा या गावी पाठवले जाते. तेथे शत्रूच्या ताब्यातले वॉलिस्टर मजूर आहेत, आणि त्यांना उठावास प्रवृत्त करायचे आहे. ते लोक थकलेले आहेत. लढायला नकार देतात. तेव्हा सरदाराचा विश्वासू लिओनार येऊन सांगतो : या सर्वांना ठार करायचे आणि दोष शत्रूवर ढकलायचा. संतापाने सारी जमात पेटून उठेल, उठाव होईल, युद्ध जिंकले जाईल.

पडद्यावर दोन उत्तरे असतात. आज्ञा मान्य, किंवा अमान्य. येथून कथेच्या वाटा फुटतात आणि पुढचे काही तास वेगळ्या भूमीवर, वेगळ्या सोबत्यांसह, वेगळ्या शत्रूंशी लढावे लागते. हत्याकांड मात्र दोन्ही वाटांवर होतेच. नकार देणाऱ्या डेनमवरच त्याचा आळ येतो. सद्गुणाला बक्षीस नाही, आणि दुर्गुणाला तात्काळ शिक्षाही नाही.

याहून मार्मिक आहे तो वाइस. डेनमचा बालमित्र. तुम्ही आज्ञा मानलीत तर तो तुमच्याविरुद्ध उभा राहतो. अमान्य केलीत तर तोच आज्ञा मानतो. प्रथम खेळताना ही लेखकाची सोय वाटते. मग ध्यानात येते की मात्सुनो यांना वाइस ‘मुळात कसा आहे’ हे सांगायचेच नाही. डेनमच्या सावलीत वाढलेला तो मुलगा डेनम जे होईल त्याच्या उलट होतो. यादवी युद्धात माणसे बाजू निवडतात ती पुष्कळदा तत्त्वावरून निवडत नाहीत. भावाशी, मित्राशी असलेल्या जुन्या हिशोबावरून निवडतात. इतिहासाच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

कथेतला हा कलह पटावरही उतरतो. प्रत्येक शिपायाच्या नोंदीत त्याची जमात आणि निष्ठा लिहिलेली असते, आणि निष्ठा ढासळलेला शिपाई सैन्य सोडून जातो. शिवाय ‘वॉरन रिपोर्ट’ नावाचे दप्तर आहे. त्यात घटना, माणसे, अफवा यांची नोंद होत राहते. ते वाचण्याची सक्ती नाही. मी मात्र लढाया थांबवून ते वाचत बसणाऱ्यांपैकी आहे.

२०१० साली एक गंमत झाली. ‘फायर एम्ब्लेम’च्या त्या वर्षीच्या खेळात पडलेला शिपाई पुढच्या लढाईत परत येईल अशी सौम्य पद्धत निवडण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी ‘टॅक्टिक्स ऑगर’ची नवी आवृत्ती आली, तिच्यात लढाईतल्या ५० पर्यंत चाली मागे घेता येऊ लागल्या, आणि कथा संपवल्यावर जुन्या वळणांवर परतून दुसरी वाटही चालता येऊ लागली. ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते. चाल मागे घेणे ही कच खाण्याची सवलत. बाल्मामुसाला परत जाऊन दुसरे उत्तर देणे हा ‘तसे झाले असते तर’ या प्रश्नाचा अभ्यास आहे.

मात्सुनो दरम्यान स्क्वेअर या मोठ्या संस्थेत गेले आणि २० जून १९९७ रोजी प्लेस्टेशनवर ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ आला. गादीवर अल्पवयीन वारस, पालकत्वासाठी झगडणारे दोन सरदार, एकाच्या निशाणावर पांढरा सिंह तर दुसऱ्याच्या काळा. इंग्लंडमधील गुलाबांच्या युद्धांची छाया येथे स्पष्ट दिसते. रॅमझा हा उमराव घराण्यातला, डेलिटा त्याच घरी वाढलेला सामान्य कुळातला मित्र. डेलिटाची बहीण टिएट्रा ओलीस धरली जाते, आणि रॅमझाचाच थोरला भाऊ बाण सोडण्याची आज्ञा देतो, कारण ती ‘आपल्यातली’ नाही. त्या क्षणापासून दोघांचे रस्ते वेगळे होतात. उत्तरार्धात राक्षसांची गर्दी वाढते आणि सत्तेची ती सुरेख गुंतागुंत पातळ होते, हा दोष मान्य करावाच लागेल.

तरी इतिहासप्रेमींनी हा खेळ पाहावा तो त्याच्या चौकटीसाठी. कथा आपल्याला सांगतो अराझ्लम नावाचा इतिहासकार, घटनांनंतर कित्येक पिढ्यांनी. त्या देशाच्या बखरींत डेलिटा हा युद्ध मिटवणारा थोर राजा आहे. रॅमझाचे नाव पाखंडी म्हणून कोठेतरी कोपऱ्यात. अराझ्लमच्या हाती लागलेले अस्सल कागद वेगळे बोलतात. ते लिहिणारा ओरन दुराई हा त्याचाच पूर्वज. त्याने सत्य मांडले म्हणून धर्मपीठाने त्याला जिवंत जाळले आणि कागद दडपून ठेवले.

आता पट पुन्हा आठवून पाहा. साठ-सत्तर तास आपण ज्या प्याद्यांना चालवले, ज्यांच्यासाठी तलवारी निवडल्या, ज्यांना तीन पाळ्यांच्या आत उठवले नाही तर ती कायमची जातील म्हणून धावाधाव केली, त्यांतील एकाचेही नाव त्या राज्याच्या अधिकृत इतिहासात नाही. ती आता फक्त त्या दडपलेल्या कागदांत आहेत, आणि आपल्या मेमरी कार्डावर.