मृत्यूच्या उंबरठ्यावरील लेखणी : युलिसिस ग्रँट, १८८५

१/ असाध्य आजाराशी झुंजणाऱ्या माणसांच्या नोंदी आज आपण मोबाइलवर वाचतो आणि त्यांतून बळ घेतो. ही सवय इंटरनेटहून बरीच जुनी आहे. १८८५ साली अवघी अमेरिका एका रुग्णाची बातमी रोज तारायंत्राने मिळवत होती. तो रुग्ण म्हणजे यादवी युद्धातील विजयी सेनापती आणि माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट.

२/ मे १८८४ मध्ये भागीदाराच्या अफरातफरीमुळे ‘ग्रँट अँड वॉर्ड’ ही पेढी बुडाली आणि ग्रँट निष्कांचन झाले. माजी राष्ट्राध्यक्षांना तेव्हा निवृत्तिवेतन नसे. त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचे निदान झाले.

३/ आपल्यामागे पत्नी ज्युलिया यांचे काय होणार, या चिंतेने त्यांनी युद्धस्मृती लिहावयास घेतल्या. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने उदार अटींवर करार केला. वेदना शमविण्यासाठी घशाला कोकेनचे द्रावण लावले जाई. आवाज गेल्यावर ते चिठ्ठ्यांवर लिहून बोलत.

४/ न्यूयॉर्कमधील घराबाहेर वार्ताहरांचा पहारा बसला. डॉक्टरांची निवेदने देशभर छापली जाऊ लागली. एप्रिलमध्ये अंत जवळ आलासे वाटले, पण ते सावरले. ग्रंथ दुसराच कोणी लिहीत असल्याचा आरोप एका वृत्तपत्राने केला, तेव्हा ग्रँट यांनी त्याचे जाहीर खंडन केले.

५/ जूनमध्ये त्यांना माउंट मॅकग्रेगर येथे हलविले. तेथे सायमन बकनर भेटीस आले. १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सन येथे ग्रँट यांच्यापुढे बिनशर्त शरण आलेले दक्षिणेचे हेच सेनानी! उत्तर-दक्षिणेतील हा सलोखा पाहून ग्रँट यांना समाधान वाटले.

६/ त्या सलोख्याला दुसरीही बाजू होती. उत्तर व दक्षिणेतील गोरे एकमेकांना क्षमा करीत असताना, ज्यांच्या मुक्तीसाठी रक्त सांडले त्या कृष्णवर्णीयांचे हक्क दक्षिणेत पायदळी तुडविले जात होते. भारावलेल्या वाचकांच्या नजरेतून ते निसटत होते.

७/ जुलैमध्ये हस्तलिखित हातावेगळे झाले. अवघ्या काही दिवसांनी, २३ जुलै १८८५ रोजी ग्रँट निवर्तले. दोन खंडांच्या या ग्रंथाने ज्युलिया यांना चार लाख डॉलरांहून अधिक मानधन मिळवून दिले.

८/ धैर्याचा आदर्श घालून द्यावा म्हणून ग्रँट यांनी लेखणी उचलली नव्हती. घर सावरायचे होते म्हणून उचलली होती. मरणासन्न माणसाकडून आपण प्रेरणा घेतो, तेव्हा त्याला स्वतःला काय हवे होते, हेही विचारावे. इतिहासाच्या अभ्यासकाने तर तो प्रश्न आधी विचारावा.