आळ येण्याची धास्ती

विद्यापीठांच्या इतिहासाला कागदपत्रांची वाण नसते. परिपत्रके, परीक्षांचे नियम, समित्यांचे अहवाल सगळे जपलेले असते. विद्यार्थी मात्र त्यात निकालाच्या आकड्यांपुरता भेटतो. त्याच्या वह्या रद्दीत गेलेल्या असतात. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्ता वर्गात शिरली तेव्हा ब्रिटनमध्ये खुद्द विद्यार्थ्यांना काय वाटले, याच्या नोंदी मोलाच्या आहेत.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. दोन महिन्यांत पॅरिसच्या सियाँस पो या संस्थेने, उघड उल्लेख न करता ते वापरायला बंदी घातली. जुलै २०२३मध्ये ब्रिटनच्या रसेल ग्रुपमधील २४ विद्यापीठांनी, हे साधन नीट वापरायला शिकवू, अशी तत्त्वे जाहीर केली. कागदोपत्री प्रश्न मिटल्यासारखा दिसतो.

हायर एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटची फेब्रुवारी २०२५ची पाहणी वेगळे सांगते. पदवीच्या १,०४१ विद्यार्थ्यांपैकी ८८ टक्के मुले गुणांसाठीच्या लेखनात ही साधने वापरत होती. आदल्या वर्षी हे प्रमाण ५३ टक्के होते. वेळ वाचतो आणि काम सुधारते, ही त्यांची मुख्य कारणे. यंत्राचा मजकूर जसाच्या तसा उतरवणारे १८ टक्के. (म्हणजे सगळेच कॉपीबहाद्दर नव्हेत.) हात आखडता घ्यायला लावणारी गोष्ट कोणती, या प्रश्नावर ५३ टक्क्यांनी गैरप्रकाराचा आळ येईल, असे सांगितले. यंत्र खोटी माहिती देईल, ही भीती ५१ टक्क्यांना होती. आणि संस्थेकडून काही शिकवणूक मिळाली, असे म्हणणारे अवघे ३६ टक्के.

आळाची ही भीती अनाठायी नव्हती. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी यंत्रलेखन पकडणारी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले! पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका मजकूर यंत्राचा, असा त्यांचा हिशेब. परकी भाषा कष्टाने शिकलेला माणूस ठरावीक, बिनधोक शब्दच वापरणार. मराठी माध्यमातून शिकून पुढे लीड्स किंवा ग्लासगोला गेलेल्या मुलामुलींचे इंग्रजी आठवून पाहावे. ज्यांना भाषेची मदत सर्वांत जास्त हवी, संशयही त्यांच्यावरच सर्वांत जास्त. मला या सगळ्या प्रकरणातला खरा अन्याय हा वाटतो. आळशीपणाची चर्चा मात्र त्याहून कितीतरी अधिक झाली.

ओपनएआयने आपले ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिनची अशी सोय बंद केली. त्यांचा हिशेब साधा होता : आदल्या वर्षी ७५,००० लेखनकामे तपासली, चूक एक टक्का धरली तरी सुमारे ७५० जणांवर खोटा ठपका.

सगळ्यांनी तसे केले नाही. स्वतःच लिहिल्याचा पुरावा हाताशी असावा म्हणून टिपणे आणि कच्चे खर्डे जपून ठेवा, असा सल्ला आता कित्येक विद्यापीठे विद्यार्थ्यांना देतात.