रंगांचा खर्च कोणी उचलला?

चित्र कोणी काढले ते खाली सहीत दिसते. रंग कोणाच्या पैशांनी आले ते मात्र विचारावे लागते. गटाचा हिशोब लिहिणाऱ्या आम्हा बायकांना तोच प्रश्न आधी सुचतो.

सुरुवात शनिवार पेठेतूनच करू. शनिवारवाड्यात आज बाग आणि जोती उरली आहेत. सवाई माधवरावांच्या काळात, १७९० नंतरच्या वर्षांत, तिथे चित्रशाळा होती. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार तिथे शिकवी. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या गंगाराम तांबटांनी वेरूळची लेणी कागदावर उतरवली. काम होते इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याचे. त्याला नोंद हवी होती, म्हणून खडक आणि खांब जसेच्या तसे. हात मात्र आपल्या माणसाचा, आणि काय सुरेख!

डोंगर डोळ्यांना नव्हे, मनाला दिसेल त्या रंगाचा काढायचा, ही गोष्ट पुढच्या शतकातली. १८९८ साली नवे लग्न झालेले आंरी मातिस आणि आमेली भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावर काही महिने राहिले. तिथल्या उन्हाने उत्तरेकडून आलेल्या या चित्रकाराचे रंगच बदलले. पण भडक चित्रे विकत कोण घेणार? १८९९ मध्ये आमेलीने पॅरिसात बायकांच्या टोप्यांचे दुकान काढले आणि घराला आधार दिला. १९०५ च्या उन्हाळ्यात मातिसने समुद्रकाठच्या कोलिऊर गावी वाटेल त्या रंगात देखावे रंगवले. त्याच वर्षी प्रदर्शनात ‘टोपी घातलेली बाई’ लागली. त्यातली बाई आमेलीच! टीकाकारांनी त्या चित्रकारांना रानटी जनावरे म्हटले.

आमच्या गटात आमेलीला कर्ज सहज मिळाले असते; कारण ‘टोप्यांचा धंदा’. नवऱ्याच्या रंगांसाठी मागितले असते तर? आमच्या वहीत शेळी आहे, शिलाई मशीन आहे, बियाणे आहे. रंग अजून कोणी लिहिलेला नाही. वारली चित्रे काढणाऱ्या आमच्या बायका रंगाचे पैसे किराण्यातून वाचवतात. हे आम्हाला पटत नाही, आणि पुढच्या बैठकीत आम्ही ते मांडणार आहोत.

बाईनेच देखावे रंगवायचे ठरवले तर? प्रफुल्ला डहाणूकर १९३४ साली गोव्यात जन्मल्या. १९५५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. पुढे फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला शिकून आल्या. त्यांच्या देखाव्यात घर, झाड, माणूस शोधत बसू नका. रंगांचे रुंद पट्टे असतात, त्यातच आभाळ, पाणी, जमीन. २०१४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान आता तरुण चित्रकारांना पुरस्कार देते.