मावळातील दूरदर्शन आणि साठवलेली वेळ

मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे तेच कार्यक्रम पुणेकरांस दिसू लागले. परंतु ह्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या, आणि मावळ तर डोंगरांनी चिरलेला. लोहगड-विसापूरच्या आडोशास वसलेल्या गावी एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवावी व खालून दुसऱ्याने "आले, आले, गेले!" अशी ग्वाही द्यावी, हा नित्याचा व्यवहार होता. जे आले ते त्याच घटकेस पाहावे लागे. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले, तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या ओटीवर आळी जमे. चुकलेला भाग दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचा.

घटका हाती ठेवण्याची युक्ती मात्र आधीच निघाली होती. सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र १९७५ चे. कार्यक्रम मागाहून पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. आपल्याकडे व्हीसीआर मिरवला तो बहुधा भाड्याच्या चित्रपटांपुरता. पुढे फीत जाऊन चकती आली. टाटा स्कायने असे यंत्र २००८ साली येथे विक्रीस आणले.

पुण्याहून लोकलने रात्री लोणावळ्यास परतणाऱ्या नोकरदारास आणि ऐन मालिकेच्या वेळी पाने वाढणाऱ्या गृहिणीस ह्याने मोकळीक दिली. ती आम्हांस क्षुद्र वाटत नाही. ओटीवरच्या त्या गर्दीचे आम्ही गोडवे गातो खरे. पण सर्वांस चहा देण्यात जिचा निम्मा भाग बुडे, तिचे मत कोणी विचारले होते?

मावळच्या पावसाने मात्र ह्या यंत्रासही जुमानले नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या सूक्ष्म लहरी दाट सरींत शोषल्या जातात, आणि छपरावरच्या छत्रीस जे मिळाले नाही ते यंत्र साठवणार कोठून? आषाढात माणसे घरात अडकून पडावीत, आणि नेमके तेव्हाचेच मुद्रण रिकामे निघावे!

आता भ्रमणध्वनीवर हवे ते हवे तेव्हा मिळते, आणि साठवणीचे यंत्रही मागे पडू लागले आहे. तथापि २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविले, तेव्हा सकाळी नऊच्या ठोक्यास अनेक घरे पुन्हा संचापुढे बसली. शेजाऱ्यास बोलावण्याची सोय तेवढी त्या वेळी नव्हती.