जून मार फाहार्दो : पाय मोडला, खेळ नाही

फिलिपिन्सचा व्यावसायिक बास्केटबॉलपटू. जन्म १७ नोव्हेंबर १९८९, पिनामुंगाहान, सेबू प्रांत. उंची ६ फूट १० इंच.

२०१२ मध्ये फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशनच्या ड्राफ्टमध्ये त्याची पहिली निवड झाली. तेव्हापासून तो सॅन मिगेलच्याच संघात आहे. २०१४ ते २०१९ सलग सहा वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याआधी चारपेक्षा जास्त वेळा हा मान कुणालाच मिळाला नव्हता.

२०१६ च्या फिलिपाइन कप फायनलमध्ये संघ अलास्काविरुद्ध ०-३ ने मागे होता. गुडघा दुखावलेला फाहार्दो पाचव्या सामन्यात उतरला आणि संघाने ४-३ ने बाजी मारली.

२०२० मध्ये सरावात त्याच्या नडगीचं हाड मोडलं, अख्खा हंगाम गेला. पण गडी परतला. २०२२-२३ मध्ये सातव्यांदा आणि पुढच्याच हंगामात आठव्यांदा तोच सर्वोत्तम!