चित्रपट रसास्वाद
चित्रपटाची भाषा, म्हणजे चौकट, कॅमेऱ्याचे अंतर, संकलन आणि ध्वनी, उमजून पाहण्याचे शिक्षण. महाराष्ट्रात त्याचे केंद्र पुणे : १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर आणि संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी या विषयाला आकार दिला. एकच प्रसंग पुन्हापुन्हा पाहून शॉटगणिक उलगडणे ही या अभ्यासाची मूळ रीत, आणि अजून तीच सर्वांत चांगली. मराठीत अरुण खोपकरांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे तिचे ठळक उदाहरण.

पुण्यापासून दूरचा असा एक जिल्हा म्हणजे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम. इथली महाविद्यालये अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पुणे लांब असले, तरी कॅमेरा आणि संकलनाची साधने आता विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्येच आहेत. समाजमाध्यमांनी मात्र आडवी चौकट उभी केली. तीत चेहरा मावतो, शिवार मावत नाही. काही सेकंदांच्या रीलमध्ये शॉट टिकवून धरायला जागाही उरत नाही. या रील्स आल्या त्या अशा : जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक या छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणल्या.